तळघरातला पंखा

मास्तरांनी आयुष्यात कधी नावेत पाय ठेवला नव्हता. भूगोल शिकवताना नद्या, खाड्या, महासागर सगळे त्यांनी फळ्यावर खडूने ओलांडले. पण खरं पाणी घोट्याच्या वर आलं की ते मागे फिरत. आणि आता, शाळा सुटून बरीच वर्षं झाल्यावर, डॉक्टरांनी त्यांना वल्ही मारायला सांगितलं होतं.

"गुडघे हे असे, तेव्हा पळणं नको," डॉक्टर म्हणाले. "तुमच्या इमारतीत व्यायामाची खोली आहे ना? तिथलं ते वल्ह्यांचं मशीन करा. फक्त उकाडा सांभाळा, तो तुम्हाला सोसत नाही. वारा घेत चला, घोट घोट पाणी प्या. डोकं हलकं वाटलं की थांबायचं. उगाच शूरपणा करायचा नाही."

'शूरपणा आणि मी?' असं मास्तरांच्या ओठांवर आलं होतं. पण त्यांच्या पुष्कळ गोष्टी ओठांवर येऊन तिथेच राहत, त्यातलीच ही एक.

व्यायामाची खोली तळघरात होती, पाण्याच्या पंपाला लागून. छताजवळ एक आडवी खिडकी होती, पण रंगाऱ्याने ती काचेसकट अशी रंगवली होती की पुन्हा कधी उघडली नाही. खाली दोन मशीन शेजारी शेजारी. मशीन म्हणजे काय, तर एक लांब रूळ, त्यावर मागेपुढे सरकणारी बैठक, पावलांना पट्टे आणि साखळीला अडकवलेला दांडा. दांडा छातीशी ओढला की समोरच्या डब्यातलं चाक घूं करत फिरे. माणूस घामाघूम होई आणि जागचा हलत नसे.

कोपऱ्यात एक उभा पंखा होता. त्याची मान फिरायची कधीच बंद झाली होती. हाताने जिकडे वळवावा तिकडेच तोंड करून तो खडखडत बसे. वारा एकाच मशीनपुरता. मधोमध ठेवून पाहिला तर वारा दोन्ही मशीनच्या मधून निघून जाई आणि भिंतीवर चिकटवलेले नियम तेवढे फडफडत.

पहिल्या दिवशी मास्तर पूर्ण बाह्यांचा जाड सुती सदरा घालून बसले. थोड्या वेळात सदरा पाण्यातून काढल्यासारखा जड झाला, चष्मा नाकावरून घसरला, घाम डोळ्यांत उतरून झोंबायला लागला आणि दांडा हातातून निसटून डब्यावर आदळला. उठून पाहतात तर बैठकीवर ओला डाग. खोलीत चिटपाखरू नव्हतं, तरी त्यांनी इकडेतिकडे पाहून तो रुमालाने पुसला. घाम ही त्यांच्या लेखी खासगी गोष्ट होती. माणसाने ती घरी करावी.

"बाबा, अहो सुती नका घालू," दूरच्या शहरातून मुलगी फोनवर म्हणाली. "सुती कापड घाम पितं आणि तसंच अंगाला चिकटून बसतं. मी पातळ बनियन पाठवते, झटकन वाळतं. आणि पंखा समोरून घ्या."

बनियन आलं. हिरवं, बिनबाह्यांचं, भलतंच तोकडं. मास्तरांनी ते आरशासमोर अंगाशी धरून पाहिलं आणि कपाटात अगदी मागे सारलं. खांदे उघडे टाकून माणसांत जायचं?

माणसं अर्थात नव्हतीच. सकाळी सगळी इमारत कामावर जाई आणि मास्तरांच्या घरात घड्याळ आणि मास्तर असे दोघेच उरत. त्यांची बायको गेल्यापासून तिथे बोलण्याचं काम फोनवाचून पडत नसे. मुलीचा फोन आला की पहिलं वाक्य घोगरं निघे, जसा बरेच दिवस बंद असलेल्या नळातून आधी नुसता खरखराट येतो. "सर्दी झालीय का?" ती विचारी. "जराशी," मास्तर म्हणत.

मग एके दिवशी शेजारच्या मशीनवर एक गृहस्थ येऊन बसले. मास्तरांच्याच वयाचे, काटकुळे, थोडे पुढे वाकलेले. गळ्याभोवती टॉवेल गच्च गुंडाळलेला.

"या," मास्तर म्हणाले.

"बसा बसा," ते म्हणाले.

झालं तेवढंच बोलणं. पंखा एवढा खडखडे की बोलायचं तर ओरडायलाच हवं, आणि ओरडण्याइतकं महत्त्वाचं दोघांकडेही काही नव्हतं. पण गृहस्थ दुसऱ्या दिवशीही आले, तिसऱ्याही. मास्तर मनात त्यांना टॉवेलवाले म्हणू लागले. हळूहळू दोघांची वल्ही एका लयीत पडायला लागली. दोन बैठका बरोबर पुढे, बरोबर मागे. एका नावेत बसल्यासारखं वाटे. मास्तर घरून निघताना केस विंचरायला लागले.

त्या टॉवेलवरून त्यांनी एक अनुमान काढलं: बिचाऱ्याला घाम फार येत असणार, नाहीतर इतका जाड टॉवेल कोण बाळगतं? म्हणून त्यांनी पंखा उचलून टॉवेलवाल्यांच्या दिशेला वळवला.

"राहू द्या, राहू द्या," टॉवेलवाल्यांनी हात वर केला.

"असू दे, असू दे," मास्तर म्हणाले.

आपल्याकडे 'राहू द्या'चा अर्थ 'राहू देऊ नका' असाही होतो, हे काही वेगळं सांगायला नको. मास्तर रोज आधी जाऊन पंखा वळवून ठेवायला लागले. स्वतः पंख्याच्या पाठीकडून जी काय झुळूक येई तीत भागवत. मानेवर ओला नॅपकीन, शेजारी पाण्याची बाटली आणि हात हळू चालवायचा. सोबतीचं मोल म्हणून त्यांना ते फार वाटत नव्हतं.

आणि मग टॉवेलवाले यायचे थांबले.

पहिले काही दिवस मास्तरांनी मनाची समजूत घातली. गावाला गेले असतील. पाहुणे आले असतील. विचारायचं तर नाव ठाऊक नाही, मजला ठाऊक नाही. सवयीने ते पंखा शेजारच्या रिकाम्या मशीनकडे वळवत आणि आपण उकाड्यात बसत. वारा रिकाम्या बैठकीवरून जाई. कधी कधी ती बैठक रुळावर किंचित सरके, आणि मास्तर दचकून तिकडे पाहत. एकदा त्यांना वाटलं, पंखा आपल्याकडे घ्यावा, आता कोण आहे बघायला? उठलेसुद्धा. पण पंखा वळवला म्हणजे ते येणार नाहीत हे आपण कबूल केल्यासारखं होईल. ते परत बसले.

एका दुपारी लिफ्टमध्ये एक बाई शिरली. एका हातात भाजीची पिशवी, खांद्यावर मुलीचं दप्तर. मास्तरांच्या हातातली बाटली आणि नॅपकीन बघून म्हणाली, "काका, तुम्ही खाली व्यायामाला जाता वाटतं?"

"हो. जातो. कधी कधी," मास्तर म्हणाले.

"माझे सासरे पण जायचे. आता नाही म्हणतात."

मास्तरांनी वळून तिच्याकडे पाहिलं. "का बरं?"

"अहो, काय सांगू! त्यांना मानेचं दुखणं. जन्मभर शिलाई केली ना, मान खाली घालून. घामेजल्या मानेवर वारा लागला की मान धरते. गळ्याला टॉवेल बांधून जायचे बिचारे. पण तिथे कुणी एक गृहस्थ आहेत म्हणे, फार सज्जन. रोज पंखा यांच्यावरच सोडतात. मी म्हटलं, अहो बाबा, मग सांगा की त्यांना, नको म्हणून! तर म्हणाले, इतक्या मायेने वळवतो तो माणूस, त्याला नको कसं म्हणू? शेवटी तीन रात्री उशीला मान टेकवेना. तेव्हापासून बंद."

लिफ्ट वर चालली होती आणि मास्तरांना वाटत होतं, आपण कुठेतरी खोल खाली चाललोय. खारे वारे, मतलई वारे, व्यापारी वारे. सगळ्या पृथ्वीवरचे वारे मुलांकडून घोकून घेतले, आणि एका खोलीतला वारा कुणाला बाधतो ते कळलं नाही. 'तो गृहस्थ मीच' एवढं म्हणायचं होतं. तीन शब्द. तिसरा मजला आला, दार उघडलं, ती उतरली. दार बंद व्हायला लागलं तशी मास्तरांनी हात मध्ये घातला.

"त्यांना सांगा," ते म्हणाले, "पंखा बिघडलाय. आता लागत नाही."

भीड भिकेची बहीण म्हणतात, पण कधी कधी ती खोटेपणाचीही मावशी होते.

दुसऱ्या दिवशी टॉवेलवाले हजर! "बिघडला म्हणे आपला पंखा?" बसता बसता त्यांनी विचारलं. चेहऱ्यावर दुःख दाखवायचा प्रयत्न होता, पण जमत नव्हता.

"हो ना. मेलाच तो," मास्तर म्हणाले. पंख्याची पिन त्यांनी सकाळीच काढून मागे दडवली होती.

आणि काय गंमत, खडखडाट नाही म्हटल्यावर खोलीत माणसाचा आवाज ऐकू यायला लागला.

"तुम्ही मास्तर ना? चालण्यावरून वाटतं. हात मागे बांधून चालता, वर्गात फिरल्यासारखे."

"आणि तुम्ही शिंपी."

"कशावरून?"

मास्तर गडबडले. लिफ्टमधली गोष्ट सांगायची नव्हती. "तुम्ही आल्यापासून माझ्या बाहीकडे बघताय."

"बघू नको तर काय करू? कुणी शिवला हो हा सदरा? एक खांदा उत्तरेला, एक दक्षिणेला!"

मास्तर हसले. हसताना घशातून आवाज आला आणि त्याचं त्यांनाच नवल वाटलं.

असे दिवस जाऊ लागले. टॉवेलवाल्यांनी मापाच्या गोष्टी सांगाव्यात, लोक पोट आत ओढून माप देतात आणि मग कपडा तंग झाला म्हणून भांडायला येतात. मास्तरांनी नकाशात समुद्राला हिरवा रंग देणाऱ्या मुलाची गोष्ट सांगावी. बाहेर ऊन चढत होतं आणि बंद खोलीत हवा पाण्यासारखी साचत होती. मास्तर घरून जास्तच तयारीने निघू लागले. आधी मनगटं आणि मान गार पाण्याखाली धरायची. नॅपकीन बर्फाच्या पाण्यात पिळून डब्यात घ्यायचा. कपाळाला पट्टी, बैठकीवर पंचा, हात पुसायला वेगळं फडकं. शेवटी एके दिवशी कपाटाच्या मागून ते हिरवं बनियनसुद्धा निघालं.

"अरे वा!" टॉवेलवाले म्हणाले. "पोपट झाला की मास्तरांचा!"

मास्तर कानापर्यंत लाल झाले, पण बरंही वाटलं. कुणीतरी आपल्याकडे पाहिलं होतं.

डॉक्टरांचं बोलणं त्यांना आठवत नव्हतं असं नाही. रोज आठवत होतं. पण पिन लावली की वारा आला, आणि वारा आला की शेजारची बैठक रिकामी. हा हिशेब त्यांच्याच्याने दुसऱ्या तऱ्हेने मांडवत नव्हता.

त्या दिवशी टॉवेलवाले काहीतरी सांगत होते, एका नवरदेवाच्या कोटाबद्दल. मास्तरांना शब्द ऐकू येत होते, पण लांबून, पाण्यापलीकडून आल्यासारखे. घाम येत होता तो अचानक थांबला. हाताला गार गार वाटलं. समोरची भिंत रुळावरून सरकत पुढे आली.

"मास्तर! अहो मास्तर!"

टॉवेलवाल्यांनी त्यांना धरून खाली जमिनीवर बसवलं. मग धावत जाऊन पंख्याचं बटण दाबलं, मग मागे लोंबकळणारी पिन पाहिली, क्षणभर थांबले, आणि ती भिंतीत खुपसली. पंखा खडखडत सुरू झाला. ठणठणीत होता.

टॉवेलवाल्यांनी त्याच्याकडे पाहिलं. मग मास्तरांकडे. गळ्याचा टॉवेल सोडला, बाटलीतलं पाणी त्यावर ओतलं आणि मास्तरांच्या मानेवर ठेवला. स्वतःची मान उघडी, आणि वारा थेट त्यांच्यावर.

"टॉवेल... तुमची मान," मास्तर पुटपुटले.

"गप्प बसा आधी. पाणी प्या. घोट घोट." थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "म्हणजे पंखा वळवणारे तुम्ही. आणि बंद करणारेही तुम्हीच."

"हो."

"कशाला?"

मास्तरांनी बाटली खाली ठेवली. "तुम्ही यावं म्हणून."

टॉवेलवाल्यांनी त्यांना हात देऊन उठवलं. मास्तरांना लिफ्टने घराच्या दारापर्यंत सोडलं, कुलूप उघडून दिलं, आत बसवलं. जाताना एक हात मानेवर होता आणि मान एका बाजूला कललेली.

ती संध्याकाळ मास्तरांनी खुर्चीत काढली. मुलीचा फोन आला तेव्हा "सर्दी आहे" म्हणाले. टॉवेल धुऊन वाळत घातला होता, तो वाऱ्याने हलत होता. माणसाची मान धरायला लावली, पुन्हा. खोटं बोललो ते वेगळंच. तिसऱ्या मजल्यावर जाऊन टॉवेल तरी परत द्यावा, असं दोनदा वाटलं. दोनदा चपला घातल्या, दोनदा काढल्या. दार उघडेल, सून विचारेल, आणि पुन्हा ओठांपर्यंत येऊन सगळं राहील.

सकाळी सवयीने बनियन घालूनच ते खाली उतरले, पण ते टॉवेल नियमांच्या कागदाखाली खिळ्याला अडकवून ठेवावा आणि परत फिरावं म्हणून. कधीतरी ते येतील, घेतील. पाण्याच्या पंपापाशीच त्यांना खडखडाट ऐकू आला.

खोलीत पंखा चालू होता. तोंड मास्तरांच्या मशीनकडे. शेजारच्या मशीनवर टॉवेलवाले, गळ्याभोवती वेगळाच टॉवेल, आणि मान अजून एका बाजूला.

"बसा!" खडखडाटावरून ते ओरडले. "आणि असू दे, असू दे म्हणायचं नाही!"

मास्तर बसले. पट्टे आवळले, दांडा धरला. वारा समोरून आला, कपाळावर, गळ्यावर, उघड्या खांद्यांवर. त्यांना 'राहू द्या' म्हणायचं होतं. अगदी ओठांवर आलं होतं. ते तसंच तिथे राहू देऊन त्यांनी दांडा ओढला.