उन्हात ठेवून पाहिलेला कॅमेरा

मी एक व्हिडिओ कॅमेरा. माझ्याविषयी तुमच्या कानावर जे आले असेल, त्यातले निम्मे खोटे धरून चाला. निम्मे कोणते, ते मीच सांगतो.

पनवेलच्या बाजारपेठेत नियाजशेठच्या दुकानात, काचेच्या कपाटात मी आठ महिने बसून होतो. गळ्यात चिठ्ठी होती : ‘नव्यासारखा. डॉक्टरांनी घरी वापरलेला.’ ‘नव्यासारखा’ हा शब्द मला कधीच रुचला नाही. जे नवे असते, त्याला ‘सारखे’पणाचा आधार लागत नाही. आणि डॉक्टर? मी जन्मात डॉक्टर पाहिलेला नाही.

माझे पहिले मालक विचुंब्याचे कमळाकर. लग्नाचे, त्यातही हळदीचे चित्रण हा त्यांचा धंदा. पांढरा रंग कोणता, हे आम्हा कॅमेऱ्यांना आधी दाखवून द्यावे लागते. त्यासाठी समोर कोरा कागद धरतात. कमळाकर कागद विसरत आणि नवरदेवाचे बनियन दाखवत. हळदीने माखलेले ते बनियन मी आज्ञाधारकपणे पांढरे मानी, आणि मग सारे वऱ्हाड निळे पडे. “लायटिंगचा इफेक्ट आहे,” असे सांगून कमळाकर मोकळे होत. सात वर्षे हेच. माणसे जे दाखवतात ते तपासून घ्यावे, हे मी त्या मांडवात शिकलो.

माझीही एक खोट आहे. कडक उन्हात अर्धा तास गेला की माझे अंग तापते आणि मी बंद पडतो. ते कळताच कमळाकरांनी मला शेठच्या गळ्यात मारले. डॉक्टरांची कथाही तेव्हाच जन्मली. शेठना हे सारे ठाऊक असावे, असा माझा दाट संशय होता. नाहीतर माझे कपाट नेमके एसीसमोर का?

मे महिन्यातल्या एका सकाळी प्रांजल नावाची तरुणी दुकानात आली; सोबत तिची आत्या, गुणाबाई. गुणाबाईंचा जन्म मिठागरात गेला होता. सहा दिवसांनी त्या मिठागरावर मातीचा भराव पडणार होता. आत्याच्या हातून निघणारे शेवटचे पीक प्रांजलला आपल्या चित्रपटात टिपायचे होते. पाठीशी निर्माता नव्हता. ऐपत एका जुन्या कॅमेऱ्यापुरती होती. निवड चुकली, तर दुसरे पीक येणार नव्हते.

कपाटातला माझा शेजारी देखणा. त्याचे चित्र माझ्याहून रेखीव. पण त्याला बाहेरचा माइक जोडायची सोयच नव्हती.

“मीठ ओढताना फळीखाली करकरतं ना शेठ, तो आवाज नसेल तर माझा सिनेमाच नाही,” प्रांजल म्हणाली. शेजारी बाद झाला. तिची नजर माझ्यावर आली, आणि मी सावध झालो. चित्रपटाचे नाव सांगून ही लग्नाच्याच ऑर्डरी घेणारी निघाली तर?

तिने कापसाची काडी काढली आणि माझ्या बटणांच्या फटींतून फिरवली. काडी पिवळी झाली.

“शेठ, हे काय?”

गुणाबाईंनी काडी नाकाशी नेली. “का रं शेठ, डाक्टरच्या घरान रोज हलद लागत व्हती का?”

शेठचा चेहरा उतरला. “मावशी, खुदा कसम, कमळाकरनी मला हेच सांगितलं. मी यकीन केलं.”

“मंग आनखी काय काय सांगलंय त्यानं?”

“मला हा उन्हात चालवून बघायचाय,” प्रांजल म्हणाली.

शेठ नाही म्हणणार, अशी माझी खात्री होती. पण त्यांनी स्वतःच मला पायरीवर, भर उन्हात मांडले. “चला. मी काय विकतोय, ते मलाही कळू दे.”

म्हणजे त्यांना ठाऊक नव्हते. माझा संशय खोटा ठरल्याची मला लाज वाटली. फार नाही, थोडी.

पंचविसाव्या मिनिटाला गुणाबाईंनी, पोराच्या कपाळाला लावावा तसा, हात माझ्या पाठीला लावला. “ताप आलाय गो याला.” बत्तिसाव्या मिनिटाला मी बंद पडलो.

“नका घेऊ ताई,” म्हणत शेठनी चिठ्ठी फाडली. प्रांजल पायरीवर मटकन बसली. गुणाबाई मात्र हसत होत्या.

“अगो, दुपारच्या उनान मीठ कोन वढतं? आमी पाटे जातंव, नव वाजता घरा. ह्यो आमच्यावानीच हाय.”

अशी माझी निवड झाली. शेठनी पावतीवर स्वच्छ अक्षरांत लिहिले : ‘उन्हात तापतो. सांगून विकला.’ माझ्याविषयी कोणी लिहिलेले ते पहिले खरे वाक्य.

पाच दिवस ठरल्याप्रमाणे गेले. पहाटे काम, नऊला विश्रांती. खारा वारा मला आतून खात असेल, ही शंका मी रोज बाळगली आणि रोज काम केले. आज सहावा दिवस. मीठ न्यायचा ट्रक अकरा वाजता उगवला. उरलेली टोपली उन्हात वाहायची वेळ आली. प्रांजलने स्वतःची ओढणी माझ्यावर धरली, तरी एक टोपले शिल्लक असताना मी मिटलो.

“आत्ये, बंद पडला गं!” ती ओरडली.

गुणाबाईंनी भरलेले टोपले बांधावर उतरवले. “मंग थांबतंव. थंड होऊ दे त्याला.”

आता मी झोपडीच्या सावलीत, सुक्या फडक्यावर पडून आहे. ट्रकवाला हॉर्न वाजवतो आहे. “वाजव, वाजव,” गुणाबाई म्हणतात, “मना मिठान चालीस वरसं झाली, तू येक घडी थांब.”

वाचकहो, तुमच्या घरी असे एखादे जुने यंत्र असेल, तर त्याची खोट लपवू नका आणि त्याला घाईही करू नका. जन्मभर मी सगळ्यांवर संशय घेतला. आज तो माझ्यावरच आला आहे. पुन्हा चालू होईन की नाही, मला सांगता येत नाही. प्रांजल माझ्या पाठीला हात लावून पाहते आहे.

टोपले अजून बांधावरच आहे.