माझी झडप कोण मिटत होते?

मी एक जुना कार्बोरेटर आहे. मित्रांनो, नाव ऐकून घाबरू नका. आजच्या मोटारींत मी नसतो, म्हणून आपली ओळख नाही एवढेच. हवा आणि पेट्रोल योग्य मापात मिसळून इंजिनाला भरवणे हे माझे काम. हवा कमी पडली की पेट्रोल जास्त होते आणि इंजिन काळा धूर ओकत बंद पडते. माझ्या तोंडावर हवेसाठी एक झडप आहे. थंडीत गाडी चालू होईना की चालक समोरचे बटण ओढतो, तार ताणली जाते आणि झडप मिटते. त्याला चोक म्हणतात. बटण सोडले की माझी स्प्रिंग झडप पुन्हा उघडते.

कारखान्यात तपासणाऱ्या बाईंनी मला उजेडासमोर धरले, माझ्या बारीक भोकांतून पाहिले आणि "पास" म्हटले. मग मला एका निळ्या मोटारीत बसवले. ती घेतली एका मास्तरांनी. शाळेतले नव्हेत, मोटार शिकवणारे मास्तर! शिकाऊ मंडळी क्लच असा काही सोडत की माझ्या पोटातले पेट्रोल घुसळून निघे. पण संध्याकाळी बॉनेट उघडून मास्तर म्हणत, "याच्यासारखा दुसरा नाही." तेव्हा माझ्या धातूच्या अंगावरही मूठभर मांस चढे.

मास्तर थकले, शिकवणे थांबले. आता फक्त सकाळची एक फेरी उरली. आणि मागच्या उन्हाळ्यात ते विचित्र प्रकरण सुरू झाले.

मास्तर चालवायला बसले की थोड्या वेळाने माझी झडप हळूहळू मिटू लागे. बॉनेटखालून मला काही दिसत नाही, फक्त ऐकू येते. गाडी तापलेली, बाहेर ऊन, मग चोक कोण ओढतेय? मास्तर? छे! मुरलेला माणूस असे कशाला करील? मला काही कळेना. चौकात मास्तरांनी रेस सोडली की इंजिन बंद पडे आणि मागून हॉर्नचा गदारोळ उठे. घरी पोचून मास्तर उतरले की झडप पुन्हा टक्क उघडी! मग त्यांचा मुलगा चालवून बघे, तर गाडी लोण्यासारखी चाले.

मेकॅनिक आला. हा मास्तरांचाच जुना शिष्य. त्याने प्लग काढले आणि म्हणाला, "कोळसा झालाय नुसता." मला खोलून पेट्रोलने आंघोळ घातली. माझ्या पोटात तरंगणारा पितळी फ्लोट कानाशी हलवून पाहिला, सुई बदलली, स्क्रू पाव फेरा आवळला. गाडी झकास झाली. दुसऱ्या दिवशी मास्तर गेले आणि चौकात पुन्हा बंद! असे तीनदा झाले. चोर सोडून संन्याशाला फाशी, असे मी आधी म्हणत होतो. पुढे पुढे वाटू लागले, चोर मीच तर नसेन?

एकदा मुलगा म्हणाला, "बाबा, मी चालवली की बंद पडत नाही. मेकॅनिकनं चालवली तरी नाही. तुमच्याच पायाला आता अंदाज राहिला नाही. रविवारी गाडी बघायला माणूस येतोय. देऊन टाकू."

ज्यांनी अर्ध्या गावाला गाडी शिकवली, ते मास्तर एवढेच म्हणाले, "असेल बाबा, असेल." मला फार वाईट वाटले.

शनिवारी मेकॅनिक पुन्हा आला. "मास्तर, आज तुम्ही चालवा. मी शेजारी बसतो."

"कशाला? तुझ्यासमोर अब्रू घालवायला?"

"शिकताना मी तुमच्यासमोर किती वेळा घालवली! चला."

निघालो. खड्डे आले, तार ताणत गेली, झडप मिटत गेली. चौकात इंजिन बंद. मग मेकॅनिक म्हणाला, "ही पिशवी माझ्या गुडघ्याला लागतेय, मांडीवर घेतो." त्याच क्षणी माझी झडप खाडकन उघडली! तो आवाज त्यानेही ऐकला असावा. त्याने पिशवी परत टांगून गदागदा हलवल्याचा आवाज आला; झडप मिटली. काढली; उघडली.

"अहो मास्तर, पिशवी चोकच्या बटणाला लटकलीय! ती इथं अडकवतं कोण?"

"औषधांची आहे. सूनबाई रोज निघताना अडकवते. घरी आलो की मी काढून आत नेतो."

"आणि तुम्हाला एकदाही दिसलं नाही, कशाला अडकवलीय ते?"

"त्या पिशवीकडे मी बघतच नाही रे," मास्तर हळूच म्हणाले. "म्हातारा झालोय, असं वाटतं तिच्याकडे बघितलं की."

घरी हे ऐकून सूनबाई ओरडल्याच. "बाई गं! मला ती खुंटीच वाटली!" सगळे हसले. मुलगा हसला नाही. तो म्हणाला, "बाबा, चुकलं माझं." रविवारच्या माणसाला येऊ नका म्हणून कळवले.

मित्रांनो, जुन्या यंत्रांची निगा राखा हे तर मी सांगणारच. पण आधी एक करा. कुणाच्या हातून काही बिघडतेय असे वाटले, तर लांबून निकाल देऊ नका. त्याच्या शेजारी बसून एक फेरी मारा.

मी आता ठणठणीत आहे. मास्तरांचा पाय मात्र चौक आला की अजून कापतो आणि उगीचच जास्त रेस देतो. त्यावर काय इलाज करायचा, ते मला अजूनही कळत नाही.