एकही चूक नसलेला कागद

कैरोत तौफिकिया बाजाराच्या मागच्या गल्लीत बहिजाचं टायपिंगचं दुकान होतं. सव्वीस वर्षं ही बाई दुसऱ्यांच्या टीव्ही मालिका टाइप करत आली होती. नव्या मालिका रमजानात लागायच्या, त्यामुळे तो जवळ आला की लेखक मंडळी चुरगळलेले कागद घेऊन धापा टाकत यायची, आणि त्यांच्या किरट्या अक्षरातून बहिजा सुबक संहिता काढायची: उजव्या रकान्यात दृश्य, डाव्यात संवाद. पटकथेसाठी म्हणून आलेलं परदेशी सॉफ्टवेअर तिने एकदा उघडून पाहिलं. अरबी वाक्यं उलटी पळायला लागली, तसं तिने ते बंद केलं. "आपला वर्डच बरा," म्हणाली, "निदान माणसासारखा उजवीकडून चालतो."

तिच्या हाताला चूक माहीत नव्हती. का, तर ती वाचायचीच नाही. वाचायला लागलं की हात अडखळतो, असं तिचं म्हणणं. डोळे कागदावर, बोटं कळांवर आणि मन घरी चुलीवरच्या भेंडीत. याचा तिला भारी अभिमान होता.

या वर्षी मात्र, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, तिने स्वतःची गोष्ट लिहिली. पोर्ट सईदच्या एका इस्त्रीवालीची, म्हणजे तिच्या आईची. आई आयुष्यभर दुसऱ्यांचे कपडे परटीघडीचे करत राहिली आणि गेली, कुणी नावसुद्धा विचारलं नाही. ते नाव पडद्यावर यावं आणि त्याखाली 'लेखन: बहिजा सिदकी' असावं, एवढीच तिची हौस होती.

वगदी नावाच्या निर्मात्याला गोष्ट आवडली. "मदाम बहिजा, रडवलंत हो मला! फाईल पाठवा. पीडीएफ नको, उघडी वर्डची द्या, दिग्दर्शकाला खुणा करायच्या असतात." तिने पाठवली. दुसऱ्या दिवशी स्वारी दुकानात हजर. "नोंदणीचा कागद करून टाकू. मी सांगतो, तुम्ही टाइप करा. तुमच्याहून चांगलं कोण करणार?"

त्याने सांगितलं, तिने टाइप केलं. हाताच्या सवयीने दोन ठिकाणी त्याचं व्याकरणही सुधारलं. छापून त्याच्या हातात दिलं आणि म्हणाली, "एकही चूक नाही."

दोघं नोंदणी कचेरीत गेले. खिडकीमागच्या अधिकारीणबाई कंटाळलेल्या होत्या, पण सहीआधी कागद वाचून दाखवायचा हा नियम त्यांनी मोडला नाही.

"मी, बहिजा सिदकी, लिहून देते की सदर मालिकेची कल्पना व कथा कंपनीची असून मी ती केवळ कागदावर उतरवली आहे. तिच्यावर माझा कोणताही हक्क नाही व पुढे कधी तो सांगणार नाही." बाईंनी मान वर केली. "बरोबर?"

बहिजा खिडकीत पुढे वाकली. कंपनीची कथा? माझी आई कंपनीची?

"हे कुणी लिहिलं?" ती ओरडली.

"अहो मदाम, तुम्हीच तर टाइप केलंत!" वगदी हसला. "ही नेहमीची भाषा. सगळे देतात."

"मी गोष्ट माझ्या नावाने नोंदवायला आले होते."

"हीच नोंदणी. नाहीतर मालिका विसरा. आणि फाईल तर माझ्याकडे आहेच."

"फाईलच्या आत लेखक म्हणून माझं नाव आहे! तारीख आहे!"

"ते दोन मिनिटांत बदलता येतं, बाई," अधिकारीण हळूच म्हणाल्या. "छापलेली प्रत आहे का जवळ?"

होती. जुन्या सवयीची माणसं, छापल्याशिवाय काम झालं असं त्यांना वाटतच नाही. बहिजाने पिशवीतून गठ्ठा काढून खिडकीवर आपटला. "हिच्यावर आजची तारीख आणि शिक्का मारा. माझ्या नावाने." वगदीचा कागद तिने त्याच्याच कोटाच्या खिशात कोंबला.

"घरी बसा मग इस्त्री करत," तो जाता जाता म्हणाला.

शिक्क्याची पावती घेऊन ती बाहेर पायरीवर आली. जिंकल्यासारखं काही वाटेना. मालिका तर गेलीच होती. पण खुपत होतं दुसरंच. ती वाक्यं तिच्या बोटांना पाठ होती. किती जणांसाठी टाइप केली असतील? आठ वर्षांपूर्वी म्हातारे लेखक उस्ताद रशवान असाच कागद टाइप करून घ्यायला दुकानात आले होते. पुढे त्यांची मालिका घराघरात गाजली आणि त्यांचं नाव कुठेच नव्हतं. तेव्हा सगळ्यांबरोबर बहिजाही म्हणाली होती, म्हाताऱ्याला व्यवहार कळत नाही.

तिने त्यांना फोन लावला.

"उस्ताद, मी बहिजा. तुम्ही त्या दिवशी मला विचारलं होतं. चष्मा घरी राहिला होता तुमचा."

"हो. विचारलं होतं, कागद ठीक आहे ना गं?"

"आणि मी काय म्हणाले?"

"एकही चूक नाही, म्हणालीस," रशवान म्हणाले. "आणि खरंच नव्हती, पोरी. मी नंतर चष्मा लावून पाहिलं ना."

बहिजा पायरीवरच रडायला लागली. येणारे जाणारे वळसा घालून जात होते.

"रडू नकोस. नवीन लिहितोय मी. बत्तीस पानं झाली. टाइप करून देशील?"

"देईन," ती नाक पुसत म्हणाली. "पण वेळ लागेल उस्ताद. आधी वाचणार आहे."