कठड्याची चिंधी

“भानुभाऊ, ह्याला चिंधी बांधलीय बघा. सोडू की कापू?” गॅस कटर बाजूला धरून मिथुनने विचारलं.

शारजाच्या भंगार यार्डात जॉर्जियाहून आलेला कंटेनर रिकामा होत होता. जिन्याच्या पितळी कठड्याचा तो तुकडा, त्यावरची लाल चिंधी भानुदासने लांबूनच ओळखली.

दोन महिन्यांपूर्वी माल हेरायला शेठने त्यालाच तिकडे धाडलं होतं. सोव्हिएत काळातलं मोठं आरोग्यधाम, राज्य बुडाल्यापासून ओस पडलेलं. भानुदासला असल्या इमारतींचा भारी नाद. संगमरवरी खांब, नाचघराचं रंगीत छत, कोरड्या तलावात उगवलेलं अंजिराचं झाड. गडी काम विसरून फोटोच काढत हिंडला. मग जिन्यात ती म्हातारी भेटली. लढाईत घर गेल्यापासून वरच्या मजल्यावर राहायची म्हणे. डोळ्यांनी अधू. भानुदासने आधाराला हात पुढे केला, तर तिने हसून तो बाजूला सारला आणि कठडा थोपटून दाखवला. कठडा धरून चढायचं, हाताला चिंधी लागली की आपला मजला आला. खोलीत नेऊन तिने त्याला चहा पाजला, वर चेरीचा मुरांबा.

उतरताना त्याने त्याच कठड्यावर खडूने फुली मारली, हा कापून न्यायचा म्हणून. पितळ अस्सल होतं.

“बिल्डिंग में कोई रहता तो नहीं ना? लफडा नहीं मांगता,” नूरुद्दीनशेठने फोनवर विचारलं होतं.

रिकाम्या हाताने परतलो तर शेठ व्हिसा रिन्यू करेल की नाही, ही धाकधूक. “नहीं शेठ, पूरी खाली है,” भानुदास म्हणाला होता.

“कापू ना, भाऊ?” मिथुनने परत विचारलं.

“थांब. मी सोडतो.” गाठ चांगलीच आवळलेली होती.

“कुणाची हो चिंधी?”

“एका आजीची.”

“मग आजीचा कठडा कशाला काढला?” मिथुन सहज हसत म्हणाला.

भानुदासला स्वतःची इतकी शरम वाटली, की त्याने मान वर केली नाही. तिकडून शेठ घाई करत ओरडला, “यल्ला, खलास करो!”

संध्याकाळी दुबईत, करामातल्या त्यांच्या बिल्डिंगखाली त्याची बायको कमलिनी भाजीची पिशवी घेऊन लिफ्टमध्ये उभी होती. “अहो, या ना.”

“तू हो पुढे. मी येतो जिन्याने.”

“आज काय नवीनच?”

लिफ्ट गेली. चिंधी मुठीत धरून भानुदासने डोळे मिटले, कठड्याला शिवायचं नाही म्हणून दोन्ही हात खिशात घातले आणि आजीसारखा अंदाजाने चढू लागला. दुसऱ्या वळणावर पाय चुकला. हात आपोआप खिशातून निघून कठड्याकडे गेला.

कठडा जागच्या जागी होता.

“अहो, पोचलात का?” वरून कमलिनीने हाक मारली. भानुदास कठडा धरून तिथेच पायरीवर बसला.