आडव्या वाटेवरची सुलाबाई

"मावशी, चला ना! आत बाई अडलीये."

ॲम्ब्युलन्स त्र्यंबक रोडवर मधोमध थांबली होती. मांजर कधीच पलीकडच्या गटारात उतरलं होतं, पण त्यानं ओढलेली रेघ डांबरावर अजून ओली होती.

सुलाबाई चहाच्या टपरीवरून उठली नाही. "म्या काल राजीनामा दिला. वार्डाच्या हापिसातल्या तेजश्रीला इचार."

"मंजूर झाला?"

"तूच जा की अनवाणी. पाय हायेत ना?"

ड्रायव्हरनं मान खाली घातली. "घरी दोन पोरी आहेत. त्यांनाच विसरलो तर?"

*

नाशकात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. रेघेवरून गाडी गेली, तर आतलं माणूस जातं. अनवाणी ओलांडली, तर जीव राहतो, एक आठवण जाते. कुठली, ते रेघ ठरवते. मग रेघ पुसली जाते आणि मागचे सगळे सुखरूप. म्हणून प्रत्येक वॉर्डात पगारी 'पुढची' असते.

*

आडवं गेलं: मांजर. पुढे गेली: सुलाबाई, मूळ गाव हरसूल.
काय गेलं: गुळाची चव.

काय गेलं: माहेरची वाट.

काय गेलं: नवऱ्याचं नाव. (तसं बी ते कधी घेतलं नव्हतं. लिहू नको, तेजश्री.)

तेजश्रीनं वॉर्डाच्या नोंदवहीत तेही लिहिलं होतं.

*

अकरा वर्षांपूर्वी महेश याच रोडवर हसत हसत रेघेवरून बाईक घालून गेला. "आये, मांजराला काय भ्यायचं!" दिवस घातल्यावर सुलाबाईनं हे काम धरलं.

परवा भाकरी थापताना पोराचा चेहरा तिला घटकाभर आठवेना. तव्यावरची भाकरी करपली. मग आठवला, कानामागच्या तिळासकट. त्याच दुपारी तिनं राजीनामा लिहून घेतला. आत आता तेवढंच उरलं होतं.

*

ॲम्ब्युलन्समधून हाक आली, "आये गं!"

टपरीवाला म्हणाला, "दुसऱ्या वार्डातली बोलावलीये. अर्धा तास लागेल."

"अर्ध्या तासात काय ऱ्हाईल तिचं?"

सुलाबाईनं चपला काढल्या. एकावर एक ठेवल्या. रेघेपाशी थांबली, डोळे गच्च मिटले.

"महेश, घट धरून बस रं," ती म्हणाली, आणि पाऊल टाकलं.

डांबर कोरडं झालं. गाडी सायरन वाजवत निघून गेली.

*

"काय गेलं, मावशी?" वॉर्ड ऑफिसात तेजश्रीनं नोंदवही पुढे ओढली.

सुलाबाईनं अंधारात किल्ली चाचपावी तसं आत चाचपलं. बराच वेळ. मग हसली. "या खेपेला काय बी नाय गेलं बघ. फुकटात सुटले."

"नीट बघा ना. महेशदादा…"

"कोन?"

तेजश्रीच्या हातातलं पेन थांबलं.

"काय नाही. जेवून घ्या तुम्ही."

सुलाबाईनं डबा उघडला. नागलीच्या भाकरीचा खरपूस पापुद्रा अलगद सोडवला आणि झाकणावर बाजूला ठेवला, रोजच्यासारखा.

"तो कुणासाठी, मावशी?" तेजश्रीच्या तोंडून निघून गेलं.

सुलाबाई पापुद्र्याकडे बघत राहिली. उचलायला गेली, पण बोटं मागे आली. तिनं तो झाकणाच्या मधोमध सरकवला, वाऱ्यानं उडू नये म्हणून वर हात धरला, आणि दुसऱ्या हातानं जेवू लागली.