मागचा स्टॉल

चावीवाल्याने दोन बोटं पोरीच्या पाठीवरच्या पिशवीत सोडली, चेन एकेका दाताने मागे सरकवली आणि तिचा फोन अलगद उचलून स्वतःच्या खिशात टाकला. जाताजाता चेन पुन्हा लावलीसुद्धा. पंचवीस वर्षं कुलपांच्या पोटात बोटं घालून स्वतःचं पोट भरणाऱ्या माणसाला हे काय अवघड!

पोरीला पत्ता नव्हता. चौदा वर्षांची ती, चवड्यांवर उभी राहून समोरच्या ताडमाड माणसाच्या खांद्यावरून स्टेज बघत होती. पहिला बॅण्ड वाजवून गेला होता. दुसरा, म्हणजे तिचा आवडता, अजून यायचा होता. स्टेजवर चार जण वायरी ओढत होते आणि एक जण माइकमध्ये "हॅलो, हॅलो" करत सगळ्या मैदानाचा जीव खात होता. दुपारचे साडेचार. ऊन अजून डोक्यावरून उतरलं नव्हतं.

बेत साधा होता. साउंडवाल्यांच्या लोखंडी टॉवरमागे दडायचं. ती वळणार, बाप गायब. फोन लावायला जाणार, फोनही गायब. तो चेहरा डोळे भरून बघायचा, मग मागून जाऊन टपली मारायची. घरी बायकोसमोर पुन्हा एकदा अभिनयासकट सांगायचं.

तो टॉवरमागे गेला आणि एक डोळा बाहेर काढून उभा राहिला.

"बाबा, तो बघ, तो ड्रमवाला!" पोरगी म्हणाली आणि वळली.

"बाबा?"

चावीवाल्याने हसू दाबायला मूठ तोंडात कोंबली. पोरीने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. आणि मग, फोनबिन न शोधता, लोकांच्या डोक्यांवरून लांब बघायला लागली. मैदानाच्या पार कडेला. एका कोपऱ्यात, मग दुसऱ्या. तिचा चेहरा त्याला वाटला होता तसा कावराबावरा झाला नाही. नुसता बंद झाला, दुकानाचं शटर ओढावं तसा.

'अगं येडे, तिकडे काय बघतेस,' तो मनात म्हणाला. 'मी इथं दहा हातांवर तर आहे.'

तेवढ्यात ड्रमवाल्याने पहिला दणका दिला. अख्खं मैदान एकदम पुढे सरकलं. चावीवाला टॉवरच्या लोखंडाला चिकटला, दोन-चार कोपरं बरगड्यांत घेतली, कुणाचातरी झेंडा नाकात गेला. तो बाजूला करून त्याने पाहिलं तेव्हा पोरगी होती तिथं पोरगी नव्हती.

"ए पिल्ला!" तो ओरडला. त्याचा आवाज त्यालाही ऐकू आला नाही.

तो गर्दीत घुसला. पिवळा टीशर्ट, काळी पिशवी. पिवळे टीशर्ट चाळीस तरी असतील; बॅण्डचाच रंग तो, आणि ही शहाणी म्हणे आपण सगळे एकसारखे दिसायला पाहिजे. एका पिवळ्या खांद्यावर त्याने हात ठेवला. मिशीवाला माणूस वळला.

"काय आहे?"

"काही नाही, चुकलो."

"मग हात काढा की!"

पाच मिनिटं गेली, दहा गेली. आता त्याला हसू येत नव्हतं. पुढच्या कठड्याशी पोरं एकमेकांवर चढल्यासारखी दाटली होती, आणि एका मुलीला दोघं जण उचलून बाहेर काढत होते. धक्के खात तो तिथवर पोचला. ती दुसऱ्याच कुणाची तरी होती, पाणी पीत होती.

कठड्याजवळ लाल जॅकेटातला सुरक्षावाला उभा होता.

"माझी मुलगी हरवलीये."

"केवढीये?"

"चौदा."

"चौदा?" सुरक्षावाला हसला. "काका, चौदाची मुलगी हरवत नाही, बापाला चुकवते. मैत्रिणींत गेली असेल. फोन लावा."

खरंच की. घाबरल्यावर माणसाचं डोकं पहिलं बंद पडतं. चावीवाल्याने घाईघाईत आपला फोन काढला आणि तिचा नंबर लावला.

त्याची डावी मांडी थरथरायला लागली.

क्षणभर त्याला काही कळेना. मग कळलं आणि कानशिलं तापली. त्याने तिचा फोन खिशातून बाहेर काढला. पडद्यावर बापाच्या नंबरासाठी तिने घातलेलं नाव नाचत होतं: भामटा.

"लागला का?" सुरक्षावाल्याने विचारलं.

"लागला," चावीवाला म्हणाला आणि पाठ फिरवली.

त्याने आपला कॉल तोडला. 'भामटा' गेलं, आणि त्याखाली दबलेल्या ओळी वर आल्या. तिच्या आईचे मेसेज. उघडायला आकडे लागत होते. पंचवीस वर्षांत त्याला नाही म्हणणारं कुलूप क्वचितच भेटलं होतं, आणि हे एक भेटलं तर ते पोरीचं. पण उघडायची गरजच नव्हती. बाहेरूनच वाचता येत होतं.

'पोचलात का? तो समोर आहे ना?'

'बिअरच्या स्टॉलपासून लांब उभी राहा.'

'तू गाणी ऐक गं. फक्त एक डोळा त्याच्यावर ठेव. लघवीला म्हणून गेला तर मागून जा.'

चावीवाला गर्दीच्या मधोमध उभा राहिला. लोक त्याला धडकत होते, "ओ काका" म्हणत होते, वळसा घालून जात होते.

अकरा महिने. अकरा महिन्यांत त्याने थेंब घेतला नव्हता. मागच्या वर्षी अशाच एका कार्यक्रमातून तेरा वर्षांच्या पोरीने त्याला टॅक्सीत घालून घरी आणलं होतं, म्हणे. म्हणे, कारण त्याला त्यातलं काही आठवत नव्हतं. सकाळी उठला तेव्हा पायात बूट नव्हते, आणि पोरगी शाळेला जाताना त्याच्याकडे न बघता गेली होती. त्या दिवशी सोडली ती सोडली.

आणि मग या अकरा महिन्यांत तीच स्वतःहून म्हणायला लागली होती, "बाबा, या बॅण्डला आपण दोघंच जाऊ." बापाबरोबर रस्त्याने चालायची जिला लाज वाटायची, ती. हा चौथा कार्यक्रम. दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला, चावी घासताघासता, त्याने ऐकवलं होतं: "आमची पोरगी मैत्रिणींना सोडून माझ्याबरोबर गाणी ऐकायला येते. तुमची येते का?" गिऱ्हाईक गप्प. हा खूश.

मैत्रिणींना सोडून. ड्यूटीवर.

त्याने फोन खिशात टाकला. वाईट वाटून घ्यायला पुष्कळ वेळ होता. आधी पोरगी सापडायला हवी होती. आणि आता त्याला एक गोष्ट नक्की ठाऊक होती. ती त्याला गर्दीत शोधत नव्हती. ती लोकांच्या डोक्यांवरून लांब कुठे बघत होती, ते आता लख्ख कळलं होतं. मैदानाच्या कडेला चार बिअरचे स्टॉल होते, दोन इकडे, दोन तिकडे. ती तिथं हिंडत असणार. एकटी, त्या पिऊन झिंगलेल्या टोळक्यांच्या मधून, एकेकाच्या तोंडात डोकावून बघत.

म्हणजे तिला सापडायचं तर एकच जागा होती. आणि त्या जागी सापडलं तर सगळं संपलं होतं.

घोषणा करायला सांगावी? वाद्यं थांबेपर्यंत ते करणार नाहीत. गेटवर जाऊन उभं राहावं? ती गेटवर येईल तेव्हा चारही स्टॉल पालथे घालून, रडून, आईला कुणाच्यातरी फोनवरून कळवून येईल. तो स्वतःशीच दोन-तीनदा 'नाही' म्हणाला आणि चालायला लागला.

चारांतला कुठला? चारही स्टॉल हिंडत बसलो तर दोघं एकमेकांच्या मागे गोल गोल फिरणार. एका जागी थांबायला हवं. तो स्वतःलाच विचारायला लागला, जसं नवं कुलूप हातात घेऊन विचारतो: बाबा रे, तुझी खोच कुठेय? आपण आज प्यायला निघालो असतो तर कुठे गेलो असतो? स्टेजजवळच्या दोन स्टॉलवर नाही, तिथं उजेड आणि पोरींचे घोळके. गेटजवळच्यावर नाही, येणारा-जाणारा बघतो. राहिला तो मागचा, शौचालयांच्या रांगेला लागून असलेला. तिथून परत येताना बापाला हात झटकत सांगता येतं, "अगं, एवढी रांग होती!"

तो मागच्या स्टॉलकडे निघाला.

वास आधी आला. मग फेसाचा तो आवाज. ओले ग्लास एकात एक ठेवलेले, फळीवर सांडलेलं चिकट पाणी, आणि नळ ओढणारी एक दणकट बाई. अकरा महिन्यांत तो इतक्या जवळ आला नव्हता. जिभेच्या मुळाशी पाणी सुटलं. त्याने ते गिळलं आणि फळीच्या टोकाला, येण्याजाण्याच्या रस्त्यावरून ठळक दिसेल असा उभा राहिला.

"काय देऊ?" बाईने विचारलं.

"काही नको."

"मग तिकडे व्हा, भाऊ. रांग दिसत नाही का?"

"मला इथंच उभं राहायचंय."

"का, स्टॉलला दृष्ट लागू नये म्हणून?"

"पोरगी येणार आहे. तिला मी इथं दिसलो पाहिजे."

बाईने त्याच्याकडे नीट पाहिलं. काय दिसलं कुणास ठाऊक. "उभे राहा," ती म्हणाली. "पण कोपर फळीवरून उचला."

दोन गाणी झाली. तिचं आवडतं दुसरं होतं. घरी न्हाणीघरात नळ सोडून ती ते ओरडायची, आणि हा बाहेरून मुद्दाम चुकीचे शब्द म्हणायचा. आता हजारभर लोक ते म्हणत होते आणि ती कुठेतरी ग्लासांकडे बघत फिरत होती. बाईने नळ ओढला की चावीवाल्याची मान आपोआप तिकडे वळायची. मग तो ती परत रस्त्याकडे वळवायचा. गळक्या नळाचा आटा आवळावा तशी.

"काका, एक मिनिट धरा ना!"

तीन ग्लास छातीशी धरून एक दाढीवाला गडी समोर आला होता. त्याच्या कमरेशी फोन किंचाळत होता. चावीवाला काही बोलेपर्यंत त्याने त्यातला एक भरलेला ग्लास त्याच्या हातात कोंबला, उरलेले दोन एका पंजात पकडले, फोन कानाला लावला आणि "अरे मागे, मागे, शौचालयापाशी!" असं ओरडत गर्दीत शिरला.

"ओ! ओ भाऊ!"

गडी गेलाच. चावीवाल्याने ग्लास अंगापासून लांब धरला, दुसऱ्याचं तान्हं पोर ओलं झाल्यावर धरतात तसा. गार पाणी बोटांवरून मनगटावर ओघळलं. ठेवून द्यावा म्हणून तो फळीकडे वळला, आणि तेव्हा ती त्याला दिसली.

पिवळा टीशर्ट, काळी पिशवी. चेहरा लालबुंद, केस कपाळाला चिकटलेले. ती रस्त्याच्या पलीकडे थांबली होती. तिच्या नजरेला शोधावं लागलं नव्हतं; बाकीचे तीन स्टॉल बघून झाल्यावर हाच उरला होता. आणि ती त्याच्याकडे बघत नव्हती. ग्लासाकडे बघत होती.

चावीवाल्याच्या तोंडात वाक्यं गोळा झाली. 'माझा नाही गं हा.' 'एकाने धरायला दिला.' 'हा बघ, आत्ता येईल तो.' सगळी वाक्यं त्याच्या ओळखीची होती. प्रत्येक वाक्य त्याने कधी ना कधी वापरून झिजवलं होतं. घासूनघासून दात गेलेल्या चावीसारखं. आज ती खरी होती, आणि आज ती लागणार नव्हती.

त्याने हात होता तिथंच ठेवला. ग्लास खाली ठेवायला गेला नाही, की लपवायलाही नाही.

पोरगी रस्ता ओलांडून आली.

"फोन," ती म्हणाली आणि हात पुढे केला.

त्याने मोकळ्या हाताने खिशातून काढून दिला. "मीच काढला होता. गंमत म्हणून."

"माहितीये."

तिने पडद्यावर नजर टाकली. आईच्या तीन ओळी तिथंच उभ्या होत्या. तिने फोन उलटा करून छातीशी धरला.

"वाचलंस?"

"कुलूप आहे त्याला," चावीवाला म्हणाला.

"बाबा."

"हो. वाचलं."

तिच्या हनुवटीला खळगे पडले. ती रडणार असं त्याला वाटलं. ती रडली नाही. एक पाऊल पुढे आली आणि तिने त्याच्या गळ्यात हात टाकले. दोन वर्षांत चारचौघांत तिने असं केलं नव्हतं. आता ती त्याच्या कानापर्यंत आली होती. तिला चवडे उचलावे लागले नाहीत. तिचा गाल त्याच्या जबड्याला लागला, आणि मग चेहरा किंचित वळला, त्याच्या तोंडाकडे. ती निश्चल उभी राहिली.

नेमकं तेव्हा चावीवाल्याच्या लक्षात आलं की आपण श्वास कोंडलाय. ठरवून नाही. कित्येक वर्षं घराचं दार उघडताना तो असाच कोंडत आला होता. छातीला ती सवय अजून होती.

मागे नळ ओढला गेला. कुणीतरी हसलं. "ओ, रांगेत या!" बाई ओरडली.

त्याने तोंड उघडलं आणि सावकाश, छाती रिकामी होईपर्यंत, श्वास सोडला.

तिने तो घेतला. त्याला ऐकू आलं.

मग त्याने दुसरा सोडला, आणखी मोठा. न मागता. तिसराही सोडला असता, पण तोवर तिने नाक त्याच्या खांद्यात खुपसलं होतं, शर्टाच्या कापडात, तिथं घामाशिवाय कसलाही वास येत नव्हता. हात मात्र सोडले नव्हते. चावीवाला एका हाताने तिची पिशवी थोपटत उभा राहिला, आणि दुसरा हात, ग्लासाचा, त्याने तसाच लांब, आडवा धरून ठेवला.