क्लच नसलेली गाडी

"टायरला लाथा कसल्या मारतोस उस्ताद? गाढवं आहेत का ती?" कासिल्दाबाई खुर्चीतूनच ओरडली. कियाकोयो गावच्या हमरस्त्यालगतचं ते जुन्या मालट्रकांचं आवार तिचं. गालात कोकाची पानं दाबून ती सकाळपासून उन्हाला बसली होती.

"गाढव लाथ बसल्यावर ओरडतं तरी," सेलेदोनियो म्हणाला. "तुझी टायरं तुझ्यासारखीच. वरून नवी, आतून विरलेली."

कासिल्दा पोट धरून हसली. सेलेदोनियो युक्रा ट्रकच्या पुढच्या पट्टीला धरून खाली वाकला आणि पट्टीला धरूनच वर आला. डाव्या गुडघ्यातली कळ त्याने दातांखाली दाबली. आपला मालक पाहत नाही ना, हे त्याने आधी बघून घेतलं होतं.

मालक म्हणजे आबुंदियो तेर्रासास. डोंगरापलीकडच्या ओरुरो शहरात त्याच्या सहा गाड्या होत्या. खाणीतलं खनिज डोंगर ओलांडून बंदरावर न्यायचं काम. एके काळी हे दोघंही दुसऱ्याच्या गाडीवर राबले होते, थंडीत एकाच घोंगडीखाली झोपले होते. पुढे आबुंदियोने स्वतःची गाडी घेतली, मग दुसरी. सेलेदोनियोच्या मुलीच्या बाप्तिस्म्याला तोच धर्मपिता म्हणून उभा राहिला, आणि तेव्हापासून दोघं एकमेकांना 'कोंपाद्रे' म्हणू लागले, सेलेदोनियोची बायको प्रिमितिवा आबुंदियोची 'कोमाद्रे' झाली. मालकी आली तरी ती हाक सुटली नाही. आणि सेलेदोनियोने मान हलवल्याशिवाय आबुंदियोने आजवर एकही गाडी घेतली नव्हती.

या वेळी सेलेदोनियो चालवायचा तीच गाडी भंगारात निघाली होती. तिच्या जागी दुसरी घ्यायची होती. दुपारपर्यंत त्याने आवारातल्या सगळ्या गाड्या चाळून काढल्या. एकीच्या सांगाड्याला जोड दिलेला होता, एकीच्या इंजिनात तेलात पाणी उतरलं होतं. उरल्या दोन. एक लाल, नेहमीची, क्लच दाबून गिअर टाकायची. दुसरी पांढरी. तिला क्लचच नव्हता, गिअर आपोआप पडायचे.

आबुंदियो पांढरीभोवती दोनदा फिरला. दरवाजा उघडून त्याने आत डोकावलं.

"ही कुणीही चालवेल, कोंपाद्रे," तो म्हणाला. "हिला काही जोर लागत नाही."

'कुणीही' हा शब्द सेलेदोनियोच्या काळजात रुतून बसला. गेल्या वर्षी शेजारच्या मालकाने अशाच बिनक्लचच्या गाड्या आणल्या आणि महिन्याभरात जुने ड्रायव्हर घरी बसवले. नवे परवानेवाले निम्म्या पगारावर मिळत होते. तीस वर्षं घाट उतरलेला फेर्मीन आता बसस्थानकावर दुसऱ्यांच्या गाड्या धूत होता. कोंपाद्रेच्याही डोक्यात तेच शिरलंय तर!

"चालवून बघतो," तो म्हणाला.

कासिल्दा त्याच्या शेजारी चढून बसली. मागे दगडांचा भार होता. दगडखाणीकडच्या चढाला गाडी लागली तसा त्याचा डावा पाय सवयीने पुढे गेला, आणि तिथे दाबायला काहीच नव्हतं. गाडीने आपणहून दम घेतला, गिअर उतरवला आणि शांतपणे वर निघाली. वळण आलं, गेलं. उतारावरही ती तशीच, मालकाच्या हाताला ओळखणाऱ्या खेचरासारखी. डावा पाय नुसता सैल पडून होता. कळ नाही, काही नाही. कित्येक महिन्यांत असा पाय त्याने अनुभवला नव्हता. सेलेदोनियो मोठ्याने हसला.

"आवडली वाटतं म्हाताऱ्याला!" कासिल्दा म्हणाली.

आवारात परत येईपर्यंत ते हसू ओठांवर राहिलं नव्हतं. आबुंदियो फाटकातच उभा होता.

"काय म्हणतोस?"

सेलेदोनियोने टोपी काढली, पुन्हा घातली. "चढावर गडबडते. भार असला की गिअर शोधत बसते. पाऊस-बर्फात घाटात अशी अडकली तर मागे जाईल सरळ दरीत. आणि बिघडली तर ओरुरोत हात लावणारं कोण आहे?"

कासिल्दाने त्याच्याकडे पाहिलं. तिचा चघळणारा गाल थांबला होता. क्षणभर त्याला वाटलं, ही आता बोलणार. पण दोन्ही गाड्या तिच्याच होत्या. तिने पानांचा चोथा थुंकला आणि परत खुर्चीकडे गेली.

"नक्की?" आबुंदियोने विचारलं. त्याचा चेहरा उतरला होता.

"माझ्या शब्दावर कधी शंका आली होती का तुला?"

"नाही रे बाबा." आबुंदियोने पांढरीच्या दारावर एकदा हात फिरवला. "मग लालच."

व्यवहार झाला. दोघांनी रस्त्याकडेला तळलेलं डुकराचं मांस आणि मका खाल्ला आणि लाल गाडी घेऊन ओरुरोच्या वाटेला लागले. डोंगर सुरू झाला. प्रत्येक वळणाला क्लच, प्रत्येक क्लचला गुडघ्यात खिळा ठोकल्यासारखी कळ.

"प्रिमितिवा आली होती आमच्याकडे," आबुंदियो म्हणाला.

सेलेदोनियोने मान वळवली नाही.

"रडत होती. म्हणाली, रात्रभर पाय चोळत बसतो, पण कुणाला सांगायचं नाही म्हणतो. मी म्हटलं, रडू नको कोमाद्रे, क्लच नसलेली गाडी बघतो त्याच्यासाठी. आणखी पाच-सात वर्षं सुखाने चालवील." त्याने उसासा टाकला. "तुला तोंडावर सांगितलं असतं तर तू पेटला असतास. लंगडा समजतोस का मला, म्हणाला असतास. म्हणून गप्प राहिलो. आता ती गाडीच वाईट निघाली त्याला काय करणार!"

गाडी वळणात शिरली होती. सेलेदोनियोने क्लच दाबला आणि सोडायला विसरला. इंजिन मोकळंच घोंघावलं.

"दुसरी कुठे बघता नाही का येणार?" त्याने विचारलं.

"अशी पुन्हा कुठली मिळायला! आणि आता ही घेतली ना. ही लिम्बर्टला देऊ, पोरगा गाडीची वाटच बघतोय, त्याचे पाय धड आहेत. तू आपल्या आवारात बस. फाटक सांभाळ, आल्या-गेल्या गाड्या बघ. शेगडी देतो, चहा कर, उन्हाला बस. खूप ओढलंस तू, कोंपाद्रे."

सांगावं का? परत फिरवता आली असती गाडी, अजून उजेड होता. ती पांढरी तिथेच असेल. सेलेदोनियोने तोंड उघडलं. शेजारी आबुंदियो काचेतून डोंगराकडे बघत होता आणि आपल्याशीच बोलल्यासारखा म्हणाला, "बरं झालं तू होतास. मी तर त्या पांढरीला भुललोच होतो. खरंच इतकी वाईट होती?"

"हो," सेलेदोनियो म्हणाला. "वाईटच होती."



रविवारी आबुंदियोच्या आवारात लाल गाडीची पूजा झाली. आरशांना रंगीत फिती, पुढे फुलांचा हार, टपावर कागदी चुऱ्याचा पाऊस. आबुंदियोच्या बायकोने बिअरची बाटली सेलेदोनियोच्या हातात दिली. सर्वांत जुना ड्रायव्हर तोच, मान त्याचा. त्याने आधी थोडी धरणीमातेला वाहिली, मग चारी कोपऱ्यांच्या चाकांवर ओतली.

"जो हिच्यावर बसेल त्याला सुखरूप ने, सुखरूप आण," तो म्हणाला. सगळ्यांनी टोप्या काढल्या. प्रिमितिवा भिंतीशी उभी होती. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही.

लिम्बर्टने त्याला मिठी मारली. "कशी आहे उस्ताद, खरं सांगा. तुम्ही निवडलीत म्हणजे प्रश्नच नाही."

"चांगली आहे. दुसऱ्या गिअरला जरा अडते. घाई करू नकोस."

लिम्बर्ट वर चढला. इंजिन घुमलं, फिती थरथरल्या. गाडी आवारात वळून फाटकापाशी आली आणि थांबली. सगळे हसत, टाळ्या वाजवत वाट बघत राहिले. लिम्बर्टने एकदा हळूच हॉर्न दिला.

कशाची वाट बघतायत सगळे, हे सेलेदोनियोला कळायला थोडा वेळ लागला. मग त्याने रिकामी बाटली भिंतीवर ठेवली आणि फाटकाकडे निघाला. सगळ्यांसमोर, उघड लंगडत. आता लपवायचं काही कारण राहिलं नव्हतं. त्याने कडी काढली, एक झडप ढकलली, पलीकडे जाऊन दुसरी ढकलली, आणि गाडी निघून जाईपर्यंत ती वाऱ्याने मिटू नये म्हणून पाठीने धरून उभा राहिला.